बुधवारचं टेबल

लग्नाला सात वर्षं होऊन गेली तरी माझ्या आईनं माझ्या घरी पाण्याचा घोट घेतला नव्हता. भांडण नव्हतं, रुसवाही नव्हता. रीत होती. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या आईबापानं तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी. बारसं झालं की मग सन्मानानं ताट वाढायचं. त्या ताटाची वाट बघत माझे वडील गेले. आई मात्र अजून पाळत होती.

ती रोहिणखेडहून निघायची, दोन गाड्या बदलून धाडला, माझ्या सासरच्या गावी, पोचायची, आमच्या ओसरीवर बसायची आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढून पाणी प्यायची. आत माझा माठ भरलेला, त्यात वाळा टाकलेला. आणि बाहेर माझी आई एसटीत कोमट झालेलं पाणी पितेय. मला आयुष्यात अनेक गोष्टींचा राग आला, कारण माझा स्वभावच तसा आहे, पण त्या बाटलीएवढा राग कशाचाच आला नाही.

माझ्या सासूबाई, केसरबाई, हे सगळं फार गोड बोलून सांभाळायच्या. "बसा ना विहीणबाई, निवांत बसा. च्याचं तं काही विचारता येत नाई, तुमाले माहीत आहे." आणि हे म्हणताना त्यांची नजर एकदा माझ्या पोटावरून फिरून यायची. माझी नणंद राखी हिला लग्नानंतर वर्षभरातच मुलगा झाला. तेव्हापासून सासूबाई तिच्याकडे आठ-आठ दिवस राहतात आणि जाडजूड होऊन परत येतात. रीत पुरी झाली ना त्यांची!

गेल्या उन्हाळ्यात जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवराबायकोला समोर बसवलं आणि सांगितलं, आता पुरे, शरीराला आणखी त्रास देऊ नका. परतताना राजकुमार, माझा नवरा, गाडी चालवत होता. कोणात काय कमी आहे ते आम्हा दोघांत आहे आणि तिथंच राहील. विचारायला येणाऱ्यांना मी दारातूनच वाटेला लावते. लेकराचं दुःख मी तोवर थोडंथोडं करून भोगलं होतं. पण भोकरदन मागं पडलं आणि एकदम माझ्या डोक्यात आलं, म्हणजे आई माझ्या घरी आता कधीच जेवणार नाही. तेव्हा मात्र मी पदरात तोंड घालून रडले. राजकुमारला वाटलं, लेकरासाठी रडतेय. मी त्याला तसंच वाटू दिलं.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे म्या काय मेल्यावरच जेवू का तुह्या घरी?"

"तं मोड ना रीत," मी म्हटलं. "उद्या ये. म्या वाढते."

"म्या मोडली तं बोल तुले लागतीन. म्हनतीन, मायनं खाल्लं म्हनून पोरीची कूस उजवली नाई. तुह्या सासूचं तोंड म्या ओळखते." आणि तिनं फोन ठेवला.

त्यानंतर ती महिनाभर पुण्याला गेली, माझ्या भावाकडे, अविनाशकडे. तिथं काय झालं ते मला तिच्या फोनवरून कळत गेलं. दर रविवारी अविनाश, त्याची बायको करिष्मा आणि करिष्माची आई पुष्पांजलीबाई आईला हॉटेलात घेऊन जात. पहिल्या रविवारी आई नुसती संतापली होती.

"पोरी, तीन घंटे! अर्धा घंटा तं नुसतं कार्डच वाचलं, पोथी वाचल्यावानी. म्या माह्यं ताट संपवून हात वाळवत बसली, आन् याइचं अजून सूपच चालू. जेवाले आले का मुक्कामाले, असं म्या अविनाशले इचारलं. याइले घरी काही कामधंदा नाई का?"

आईचं चुकत नव्हतं. आमच्याकडे ताटावर बोलत नाहीत. गप्पा मारायच्या त्या जेवणानंतर, ओट्यावर, सुपारी कातरत, आणि त्या पुरुषांनी. लग्नाच्या पंगतीत तर शेवटचा भात वाढायच्या आतच पुढच्या पंगतीचा माणूस तुमच्या पाठीशी येऊन उभा राहतो. त्याचे गुडघे पाठीला लागतात तेव्हा समजायचं की उठा. आणि घरातल्या बायांचं तर विचारूच नका. सगळ्यांचं झाल्यावर, चुलीजवळ, एक गुडघा वर घेऊन, उरलेलं. आवरायचं पडलेलं असतं, म्हणून दहा मिनिटांत खेळ खलास. आमच्याकडे माणूस हॉटेलात जातो तो दोनच कारणांनी. एक लग्नाचा बस्ता बांधायला गेल्यावर आणि दुसरं दवाखान्यात कोणी ॲडमिट असलं की. शेवभाजी-पोळी खाल्ली, हात धुतले, निघाला.

तिसऱ्या रविवारनंतर आईचा सूर बदलला. "छाया, म्या आता समजली. त्याइचं जेवण तोंडी लावाले असते वं. मुख्य तं बोलणंच असते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् ते पुष्पांजलीबाई आठ-आठ दिवस लेकीच्या घरी राह्यते. लेकीच्या फ्रिजमधून आपल्या हातानं दही काढून घेते. तिले कोणी काही म्हनत नाई."

पुण्याहून परत आल्यावर तिनं मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "हॉटेल कोणाचंच घर नाई ना वं?"

मला समजायला एक क्षण लागला. मग मी हसत सुटले.

माझं धाडमध्ये मॅचिंग सेंटर आहे. अस्तरं, ब्लाउजपीस, फॉल, धागे. माल आणायला मी दर बुधवारी बुलढाण्याला जातेच. रोहिणखेडहून बुलढाणा, धाडहून बुलढाणा. ठरलं. पहिल्या बुधवारी आईला कंडक्टरनं ओळखीनं विचारलं म्हणे, बुलढाण्याले काय काम काढलं मावशी? आई सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "जेवाले चालली."

आम्ही निवडलेलं चिंचवन नावाचं हॉटेल बुलढाण्यातून धाडकडे बाहेर पडताना लागतं. मालक गोविंदा, पन्नाशीचा, कपाळावर चष्मा. आम्ही दोघी आत शिरलो तशी त्यानं लगेच हात दाखवला, "लेडीज आतमधी. फॅमिली रूम." आत हिरवा पडदा, पडद्यामागं ट्यूबलाइट, ना खिडकी ना वारा.

"काऊन?" आई म्हणाली. "आम्ही काय चोरून जेवून राह्यलो?" आणि ती रस्त्याकडच्या खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. बाकी सगळी टेबलं पुरुषांची. जेवता जेवता सगळे आमच्याकडे बघायला लागले. मीही त्यांच्याकडे बघितलं, एकेकाकडे, आणि ते परत आपापल्या ताटाकडे वळले.

त्या पहिल्या दिवशी पुण्याचं शिक्षण आईच्या अंगी अजून मुरलं नव्हतं. तिनं दहा मिनिटांत संपवलं आणि सवयीनं माझं आणि तिचं ताट एकात एक घालून घासायला उचललं. गोविंदा गल्ल्यावरून धावत आला. "मावशी, ठेवा, ठेवा! माह्या हॉटेलाची इज्जत घेता का?" आई खजील झाली आणि बसली. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. काय बोलायचं तेच सुचेना. सात वर्षं आम्ही ओसरीवर सासूबाईंच्या देखत बोललो होतो, नाहीतर फोनवर घाईत. समोरासमोर बसून, कोणी ऐकत नसताना, कधी बोललोच नव्हतो.

थोड्या वेळानं गोविंदानं बडीशेप आणून ठेवली. मग टेबल पुसलं. मग पुन्हा पुसलं. आम्ही उठत नाही म्हटल्यावर त्यानं आमच्या डोक्यावरचा पंखाच बंद केला.

"गोविंदा," आई म्हणाली, "पंखा लाव. आम्ही अजून जेवून राह्यलो."

"जेवण तं झालं ना मावशी."

"ताट झालं. जेवण नाई झालं. तुले लवकर असन तं दोन ताक आण."

ताक आलं, पंखा सुरू झाला, आणि आमचं जेवण खरंच सुरू झालं ते तिथून.

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी मी सहज तिला म्हटलं, कारल्याची भाजी आहे आज, तुझ्या आवडीची. तिनं कार्डातून डोकं वर काढलं. "मले कारलं आवडते असं तुले कोणं सांगितलं?"

"घरी नेहमी तेच खायची ना तू."

"उरत होतं तेच वं माय. तुम्ही कोणी खात नव्हते."

मी तिची पोटची पोर, पस्तिशीला आलेली, आणि मला हे माहीत नव्हतं. आपल्या आईला काय आवडतं हे मला हॉटेलच्या टेबलावर कळत होतं. तिला भरीत आवडतं, पण फोडणीत लसूण जास्त पाहिजे. तिला पापड आधी हवा असतो, जेवणाबरोबर नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती एकदा भुकेनं चक्कर येऊन विहिरीवर पडली होती आणि तिनं सगळ्यांना पाय घसरला म्हणून सांगितलं होतं. हे सगळं सांगताना ती हळूहळू जेवायची, मध्येच थांबायची, बोट वर करून आठवायची. तिच्या चेहऱ्यावरची घाई गेली होती. मी तिला असं कधीच बघितलं नव्हतं. दोन-अडीच तास कसे जायचे कळायचं नाही. मला ते टेबल देवघरापेक्षा प्यारं झालं, आणि हे म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही.

पण धाड केवढंसं! गावातल्या कोणीतरी आम्हाला त्या खिडकीत दोन-तीनदा बघितलं. बघणाऱ्याला हे काही समजलं नाही की आई-लेक गप्पा मारत बसल्यात. आमच्या भागात बाई हॉटेलात दर आठवड्याला जेवते याचा अर्थ एकच होऊ शकतो. पंधरा दिवसांत गावभर झालं, कडूबाच्या घरी सुनेला पोटभर देत नाहीत. लेकरू नाही म्हणून उपाशी मारतात. बिचारीची माय रोहिणखेडहून येते आणि तिला बुलढाण्याला नेऊन जेवू घालते.

कडूबा म्हणजे माझे सासरे. चार माणसांत उठबस असलेले. त्यांना कोणीतरी पारावर विचारलंच, "कडूबा, या वर्षी ज्वारी कमी झाली का बाप्पा?" ते घरी येऊन नुसते बाजेवर पडून राहिले. सासूबाईंच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यांनी आधी काय करावं? पुढच्या बुधवारी पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या. शेजारच्या कोकिळाबाईला मुद्दाम बोलावून बसवलं आणि तिच्या देखत मला वाढत सुटल्या. "खाय छाया, खाय. अजून एक घे. तूप घे. लाजू नको, घर तुह्यंच आहे." चार पोळ्या झाल्यावर कोकिळाबाईला म्हणाल्या, "पाह्यलं ना? आता हे दिवसभर काही खात नाई." मीही मुकाट्यानं खाल्लं. पुरणपोळीशी माझं काय वैर?

आणि तशीच तुडुंब पोटानं बुलढाण्याला गेले. त्या दिवशी आई एकटी जेवली, मी एका ताकावर अडीच तास बसले. परतले तेव्हा कोकिळाबाई दारातच उभी. "आजही गेलती का वं हॉटेलात?"

"हाव," मी म्हटलं. "आजही."

राजकुमार त्या रात्री म्हणाला, "थोडे दिवस जाऊ नको ना. म्या आईले समजावून सांगतो, मंग जाजो." राजकुमार चांगला माणूस आहे. फक्त तो सात वर्षांपासून आईला समजावून सांगणार आहे. मी त्याला म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा सांगा, मी बुधवारी जाणारच.

पुढच्या बुधवारी आमची भाकर नुकतीच आली होती आणि खिडकीबाहेर आमचीच गाडी येऊन थांबली. राजकुमार उतरला, मागून सासूबाई. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या. त्या सरळ आमच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे मुलाची आई उभी असताना मुलीच्या आईनं बसून राहायचं नसतं. मी आईकडे बघितलं. ती उठली नाही. तिनं शेजारची खुर्ची ओढली. "बसा विहीणबाई. गरम आहे, जेवा."

"मले घरी जेवाले भेटते," सासूबाई म्हणाल्या. बसल्या नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं चावणं थांबवलं. "विहीणबाई, आमची गावात लय नाचक्की होऊन राह्यली. म्हनून आम्ही ठरवलं. तुम्ही आता घरीच जेवा. आम्ही सोडली ते रीत."

सात वर्षं ज्याची वाट बघितली ते असं, उभ्या उभ्या, हॉटेलात मिळत होतं!

आणि मग त्यांनी पुढचं म्हटलं. "नाईतरी आता लेकरू होणारच नाई. तं कशाले धरून बसाचं? बाजाराच्या दिवशी या. चार लोक पाह्यतीन, तोंडं बंद होतीन. पण मंग हे हॉटेल बंद. हे बुधवारचं सोंग बंद."

लेकरू होणारच नाही, हे त्यांनी चिंचवनच्या दहा टेबलांना सांगितलं. राजकुमारची मान खाली गेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखालून आईनं माझा गुडघा घट्ट दाबला.

"बरं," आई म्हणाली. "बाजाराच्या दिवशी येते."

सासूबाई जिंकल्यासारख्या वळल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. राजकुमार दोन पावलं गेला, परत आला, मला म्हणाला, "तू सावकाश ये," आणि गेला.

मी आईवर तुटून पडले. "काऊन हो म्हटलं तू? लोकांसमोर मले वांझ म्हणून गेली ते, आन् तू बरं म्हणते? तिच्या मेहेरबानीचं जेवशील? आन् हे टेबल सोडशील?"

आईनं भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला, खाल्ला. मग म्हणाली, "म्या येते म्हटलं. बंद करते असं म्या म्हटलं का?"

मी माझं ताट जवळ ओढलं.

"म्या सात वर्षं रीत पाळली ते तिच्या भ्यावानं नाई," आई म्हणाली. "तुले बोल लागू नये म्हनून. आता सगळ्याइच्या समोर बोल लावून झाला. आता मले कायचं भ्याव? तू फक्त सयपाक चांगला करजो."

बाजाराचा दिवस उजाडला. सासूबाईंनी ओसरी सारवून घेतली, रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवलं आणि बरोबर दारासमोर पाट मांडला. बाजाराला जाणारा-येणारा प्रत्येक माणूस आमच्या दारावरूनच जातो. कोकिळाबाई तर निवडायचं सूप घेऊन समोरच्या ओट्यावर सकाळपासूनच बसली होती. सासूबाईंचा बेत साधा होता. विहीणबाईंनी यावं, पाटावर बसावं, चार माणसांना दिसेल असं झटपट जेवावं आणि उठावं. मग सासरे आणि राजकुमार बसतील, मग आम्ही बाया. सासरे आत बाजेवर बसून आपल्या पाळीची वाट बघत होते.

स्वयंपाक मात्र मी कोणाला करू दिला नाही. भरीत केलं, लसणाची फोडणी सढळ. पापड आधी भाजून ठेवले. कारलं घरात आणलंच नाही.

आई आली. हातपाय धुतले, पाटावर बसली. मी ताट आणून तिच्यापुढं ठेवलं, आणि पाण्याचं लोटा-भांडं आणायचं मी विसरलेच. राजकुमारनं ते आत जाऊन आणलं आणि स्वतः आईच्या ताटाशेजारी ठेवलं. तेवढं त्यानं केलं.

आईनं आधी पापड उचलला. सावकाश मोडला, सावकाश खाल्ला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तर काय सांगत होती, ते राणी रंगाचं अस्तर आलं का तुह्यं?" मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. म्हटलं, आलं, पण रंग जातो त्याचा. मग आईनं विचारलं, कुठून घेतलं. मग मी सांगितलं. आमचं बोलणं सुरू झालं. तिनं भाकरीला अजून हातसुद्धा लावला नव्हता.

सासूबाई या पायावरून त्या पायावर व्हायला लागल्या. आतून सासऱ्यांच्या खोकण्याचा आवाज आला. बाजाराला गेलेले लोक पिशव्या भरून परतायला लागले, आणि आमच्या दारात आई अजून पापडच खात होती. "जेवा ना विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "भाकर थंडी होते."

"हाव, जेवते ना," आई म्हणाली. तिनं भाकर मोडली, भरीत घेतलं, पहिला घास हातात धरला. सात वर्षांतला पहिला.

तेवढ्यात सासूबाई मोठ्यानं, समोरच्या ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तं मंग बुधवार बंद ना, विहीणबाई? तसं ठरलं आपलं. हे ताट त्याच्यावरच वाढलं आहे."

आईचा हात हवेत थांबला. कोकिळाबाईचं सूप थांबलं. घास खाल्ला तर अट मान्य. खाली ठेवला तर भरल्या ताटावरून उठल्याचा बोल, आणि तोही माझ्या घरच्या पहिल्या ताटावरून. सासूबाईंनी बरोबर वेळ साधली होती. आईनं माझ्याकडे बघितलं. आजवर ती माझ्यासाठी थांबली होती, पाळत आली होती. आता बोलायचं ते मीच बोलायला हवं होतं.

"खाय आई," मी म्हटलं. माझा आवाजही ओट्यापर्यंत गेला असणार, जाऊ दे. मग सासूबाईंकडे वळले. "आत्याबाई, हे ताट म्या वाढलं. भरीत म्या केलं, भाकर म्या थापली. अट घालून वाढलं नाई म्या. लेकरू होणार नाई म्हनून माह्यी माय इथं जेवून नाई राह्यली. माह्यी माय आहे म्हनून जेवून राह्यली. लेकरू झालं असतं तरी जेवली असती, नाई झालं तरी जेवन. आन् बुधवारी आम्ही चिंचवनलेच जाऊ. कोणाले वाटलं उपाशी ठेवता, तं वाटू द्या."

"राजकुमार!" सासूबाई ओरडल्या. "आयकतो ना तू?"

"आयकतो आई," राजकुमार म्हणाला. पण जागचा हलला नाही.

आईनं घास तोंडात घातला. डोळे मिटले. चावत राहिली, चावत राहिली, मग म्हणाली, "लसूण बरोबर पडला."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि रागही तसाच होता. दोन्ही एकदम असू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. मी आत गेले. सासऱ्यांच्या समोरून गेले. ते बाजेवर बसून माझ्याकडे बघत होते, भुकेले आणि गोंधळलेले. फळीवरून मी दुसरं ताट काढलं, त्यात भरीत वाढलं, दोन भाकरी घेतल्या आणि ओसरीवर आले. उघड्या दारात, आईच्या शेजारी, मांडी घालून बसले.

सासरे अजून जेवायचे होते. नवरा जेवायचा होता. मी भाकर मोडली आणि आईला म्हटलं, "हं, सांग आता. रोहिणखेडचं काय नवीन?"